टोक जितं पाहिजे

"श्वास तिकडं तोंड करून घ्या, भिया!"

इंदूरच्या नोकरीत माझ्या लक्षात राहिलेलं हे पहिलं वाक्य. मी नाशिकहून नुकताच आलो होतो. सांवेर रोडवर छपाईची शाई बनवणाऱ्या एका कारखान्यात विक्रीचं काम सांभाळायचं होतं. पेढ्यांचा डबा हातात घेऊन खात्याखात्यांत ओळखी करून घेत हिंडत होतो. प्रयोगशाळेचं दार ढकललं आणि आतून हा हुकूम आला.

हुकूम देणाऱ्या बाई बुटक्या, पन्नाशी केव्हाच ओलांडलेल्या, केसांचा घट्ट अंबाडा आणि त्या अंबाड्यात खोचलेलं बॉलपेन. एका काचेच्या चंबूवर त्या अशा वाकल्या होत्या, जणू पाळण्यातल्या पोराला ताप आलाय. मी निमूटपणे भिंतीकडं तोंड करून श्वास घेतला.

"आता दार लावा. हवा आत येऊन राहिली."

"मॅडम, हवा तर सगळीकडेच..."

"हवेत ऑक्सिजन असतो!" त्या म्हणाल्या. जमिनीच्या वाटणीत दगा दिलेल्या चुलत्याचं नाव घ्यावं, तसा त्यांनी 'ऑक्सिजन' हा शब्द उच्चारला.

मी भीत भीत चंबूकडं पाहिलं. त्याला चांगलं जाड रबरी बूच होतं, बुचातून सुई गेलेली, सुईतून नायट्रोजनचे बुडबुडे येत होते. माझा श्वास काय, वादळ आलं असतं तरी आत शिरलं नसतं. मी तसं म्हणालोही.

"ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "पण सवय चांगली."

या डॉक्टर शीला खोब्रागडे. कारखान्यात सगळे त्यांना नुसतं 'मॅडम' म्हणत. त्या मात्र बाई असो, बुवा असो, चौकीदार असो, सगळ्यांना 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणत. घर महूला. घराणं फौजी. त्यामुळे चालणं ताठ आणि आवाज परेडच्या मैदानावरचा. भाषा अस्सल इंदुरी मराठी, म्हणजे वाक्य मराठीत सुरू व्हायचं, मध्ये हिंदीत चक्कर मारायचं, आणि क्रियापदाला परत मराठीत यायचं. 'म्हणजे'चं 'मने' व्हायचं आणि 'हो'चं 'हओ'.

ऑक्सिजनशी त्यांचं वैर प्रयोगशाळेपुरतं नव्हतं. चहा त्यांना काठोकाठ भरलेला लागे, कप अर्धा असला की म्हणत, "बाकी काय हवा प्यायची?" दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्यांची सैल झाकणं त्या येता-जाता आवळत. इतकी, की जेवणाच्या सुट्टीत अर्धा कारखाना बाटल्या घेऊन चौकीदाराकडं जाई, कारण तो तालमीत जाणारा होता.

हे सगळं काय आहे ते मला कळलं पोह्यांच्या ठेल्यावर. मी विक्रीचा माणूस. रसायनशास्त्र बारावीला सुटलं ते सुटलंच. मी सहज विचारलं, "मॅडम, तुम्ही नेमकं बनवता काय?"

झालं! त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. इंदूरचा माणूस जिरावण मसाला टाकलेले गरम पोहे खाली ठेवतो म्हणजे मामला गंभीर.

"ब्लॉक को-पॉलिमर! ऐका. पॉलिमर मने काय? मण्यांची माळ. एकाला एक मणी जोडत जायचं. आता माळेत मणी कोण ओवतं? रॅडिकल. आणि रॅडिकल कसा असतो? गौतमपुऱ्याचा हिंगोट पाहिला का?"

मी पाहिला नव्हता. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गौतमपुऱ्यात दोन गावांचे गडी हिंगोट नावाच्या पोकळ फळात दारू भरून, पेटवून, एकमेकांवर फेकतात, हे ऐकून होतो.

"बस, वही! रॅडिकल मने हिंगोट. पेटला, सुटला, सण्ण करून गेला. रस्त्यात मणी मिळाले ते ओवले, आणि दुसऱ्या हिंगोटाला धडकला की दोघं खलास! सगळा खेळ पळभराचा. माळ बनली, पण टोक मेलं. आता त्या मेलेल्या टोकाला तुम्ही दुसऱ्या रंगाचे मणी कसे जोडणार?"

"नाही जोडता येणार."

"हओ! आणि मला जोडायचे आहेत." त्यांचे डोळे चमकत होते. "अर्धी माळ लाल, अर्धी पिवळी. मिसळ नाही करायची. पहिले लाल, मग त्याच धाग्यावर पिवळी. ब्लॉक! त्याच्यासाठी काय पाहिजे? टोक जितं पाहिजे!"

मग त्यांनी मला त्यांच्या लाडक्या गुलाबी रसायनाची गोष्ट सांगितली. त्याचं शास्त्रीय नाव आगगाडीएवढं होतं. त्या त्याला 'दाई' म्हणत. ही दाई प्रत्येक साखळीच्या टोकाला जाऊन बसते, थोपटून झोपवते. मग एखादीला उठवते, दोन-चार मणी ओवू देते, परत झोपवते. सगळ्यांची पाळी येते. सगळ्या साखळ्या सारख्या वाढतात. कोणी कोणाला धडकत नाही, आणि मरत तर जवळजवळ कोणीच नाही.

"मने हिंगोटांना अंगाई म्हणायची!" बाई म्हणाल्या आणि स्वतःच्याच उपमेवर इतक्या खूश झाल्या, की ठेलेवाल्यालाही परत एकदा सगळं सांगितलं. त्याने "वा मैडम" म्हणत बशीत शेव जास्त टाकली.

त्या दिवसापासून मला त्यांच्या बोलण्याची चावी सापडली. 'टोक जितं आहे का?' हा त्यांचा प्रश्न साऱ्या जगाला लागू असे. एखादं गिऱ्हाईक तुटलं की त्या मला विचारत, "भांडण झालं की नुसतं बोलणं बंद आहे? बोलणं बंद असेल तर टोक जितं आहे. जा, उठवा त्याला." मीटिंगमध्ये सगळे एकदम बोलायला लागले की टेबलावर थाप मारून ओरडत, "एकेक जण! नाहीतर सगळे धडकून मराल!"

नवरा-बायको भेटले की त्यांचा आणखी एक ठरलेला प्रश्न होता. माझ्या बायकोला पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "तुमचा संसार मिसळ की ब्लॉक?" बायको गडबडली. मी अर्थ समजावून सांगितला. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "पहिली पाच वर्षं सगळं यांच्या मनासारखं. आता सगळं माझ्या."

"वा भिया!" मॅडमनी माझ्या बायकोच्या पाठीवर थाप मारली. "शुद्ध ब्लॉक! जोडही स्वच्छ!"

आता त्या दाईबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. ती गंधकाची होती, त्यामुळे तिला वास होता. साधासुधा नाही. पावसाळ्यात पोत्यात सडलेल्या कांद्यांचा. आणि आमचे सेठजी होते पक्के जैन, जमिनीखालचं काही न खाणारे. मॅडमनी बाटली उघडली की मागच्या केबिनमधून सेठजी नाकाला रुमाल लावून धावत येत.

"मैडम! फैक्ट्री में कांदा किसने काटा?"

"सेठजी, कांदा नहीं है. दाई है."

"दाई को बोलो बाहर बैठे!"

सेठजींनी प्रयोगशाळेच्या दाराशी अगरबत्ती लावायला सुरुवात केली. मॅडम ती विझवत, कारण आत पेट घेणारी रसायनं होती. सेठजी परत लावत. पण पर्युषणाचे दिवस आले, तेव्हा कोणी काही न सांगता मॅडमनी ते काम आपणहून बंद ठेवलं. दाईची बाटली तीन पिशव्यांत गुंडाळून कपाटात. सेठजींना ते कळलं. पर्युषण संपल्यावर ते हात जोडून प्रयोगशाळेत आले आणि क्षमा मागत "मिच्छामि दुक्कडम्, मैडम" म्हणाले. "आणि दाईला पण," असं मॅडमनी हिंदीत सुचवल्यावर त्यांनी कपाटालाही हात जोडले.

हा सगळा खटाटोप कशासाठी? तर आमची शाई खाली बसायची. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर छापायची निळी शाई गिऱ्हाइकाकडं पोचेपर्यंत वर निळसर पाणी आणि तळाशी चिखल. पिंप हलवून हलवून माणसं थकत आणि मग मला फोन करून शिव्या देत. मॅडमचं म्हणणं, अशी साखळी बनवू, जिचा अर्धा भाग रंगाच्या कणाला घट्ट मिठी मारेल आणि उरलेला अर्धा पाण्यात हातपाय पसरून पोहत राहील. मग कण एकमेकांना चिकटणार नाहीत, बुडणारही नाहीत. एकच साखळी, दोन स्वभाव.

पण सेठजींना एक गोष्ट सोसवत नव्हती. पहिले मणी थोडे शिल्लक असतानाच मॅडम काम थांबवत. सेठजींच्या दृष्टीनं हा शुद्ध अपव्यय. "पूरा क्यों नहीं चलाते? कढ़ाई में माल छोड़ के कोई उठता है क्या?"

मॅडम सांगत, "सेठजी, शेवटचे मणी ओवायच्या हावेत टोकं मरतात."

सेठजी ऐकेनात. एकदा त्यांनी हट्टच धरला, आणि मॅडमनी नाइलाजाने पहिला भाग पूर्ण, अगदी शेवटच्या मण्यापर्यंत चालवला. मग दुसरे मणी घातले. ते जोडले जाणार कशाला? निम्मी टोकं मेलेली. दुसऱ्या मण्यांनी आपली वेगळीच चूल मांडली. शाई बनवली ती पहिल्यापेक्षा लवकर तळाला गेली. मोठ्या गिऱ्हाइकाने नमुना परत पाठवला.

सेठजी प्रयोगशाळेत आले. चूक कोणाची हे त्यांना ठाऊक होतं, पण मालकाच्या तोंडून तसे शब्द सहसा निघत नाहीत. ते म्हणाले, "एक बार और कर लो मैडम, अपने हिसाब से. नहीं हुआ तो ये कमरा पैकिंग को दे देंगे."

"हओ," मॅडम म्हणाल्या. एवढंच. पण अंबाड्यातलं पेन त्यांनी तीनदा काढून तीनदा परत खोचलं.

प्रयोगाच्या दिवशी मी माझ्या सगळ्या भेटी रद्द केल्या. का, ते मला सांगता येणार नाही. विक्रीवाल्याचं प्रयोगशाळेत काय काम? पण मी गेलो, भिंतीकडं तोंड करून श्वास घेतला, आणि कोपऱ्यात उभा राहिलो. सेठजीही नाकाला रुमाल लावून दारात येऊन थांबले.

पहिला भाग छान चालला. मॅडमनी मध्येच थेंब थेंब काढून तपासलं आणि मणी थोडे उरलेले असतानाच हात वर केला. "बस! थांबवा!" सेठजींनी डोळे मिटून घेतले, कढईतला माल सोडून उठणं त्यांना बघवलं नसावं. पहिला भाग बाहेर काढला, उरलेले मणी धुऊन टाकले, आणि मग तो परत चंबूत, परत नायट्रोजन, परत आच. सुईतून दुसरे मणी आत जाऊ लागले. गुलाबी द्रव संथ फिरत होता. मॅडम इतक्या जवळ वाकल्या होत्या, की चष्म्यावर गुलाबी छटा पडली होती.

आणि वीज गेली.

पंखा थांबला, आच थांबली, चंबूतली ढवळणी दोन गिरक्या घेऊन आडवी झाली. कारखान्यात एकदम शांतता. आमचा जनरेटर मोठ्या यंत्रांसाठी होता आणि तोही त्या आठवड्यात दुरुस्तीला गेलेला. सेठजींच्या तोंडून "गया!" असा उद्गार निघाला. मी मॅडमकडं पाहिलं. मला वाटलं, आता या कोसळणार.

बाई स्टूल ओढून शांतपणे चंबूशेजारी बसल्या होत्या.

"मॅडम, संपलं का?"

"काय संपलं? आच गेली, तर नवीन हिंगोट पेटणं बंद. बाकी सगळ्यांना दाईनं झोपवलं आहे. झोपू द्या." त्यांनी बुडबुड्यांकडं बोट दाखवलं. नायट्रोजन सिलिंडरमधून येत होता, त्याला विजेची गरज नव्हती. "फक्त ऑक्सिजन नाही आला पाहिजे. सेठजी, आत या नाहीतर बाहेर जा, दारात नका उभे राहू!"

सेठजी आत आले. माझ्या मते त्या खोलीत नाकावरचा रुमाल काढून ते पहिल्यांदाच बसले. आम्ही तिघं त्या काचेभोवती बसून राहिलो. कोणी मोठ्यानं बोलेना. पोरं झोपलेली असताना घरात बोलतात, तसं आम्ही कुजबुजत होतो. एकदा तर सेठजींनी बाहेर बोलणाऱ्या कामगारांना ओठांवर बोट ठेवून दटावलं.

वीज आली. मॅडमनी आच हळूहळू वाढवली. ढवळणी फिरायला लागली. आणि थोड्या वेळानं त्यांनी काढलेला थेंब काचेच्या कांडीवरून खाली पडेचना, दाट होऊन लोंबत राहिला.

"उठली!" मॅडम किंचाळल्या. "उठली भिया, सगळी उठली! ओवून राहिली!"

नमुना शहरातल्या एका संस्थेत पाठवला. तिथं साखळ्यांची लांबी मोजणारं यंत्र आहे. उत्तर आलं, ते संगणकावर आलेल्या एका आलेखात. मी धावत गेलो, सेठजी माझ्या मागे. पडद्यावर दोन डोंगर होते. एक पहिल्या भागाचा. दुसरा, जोड झाल्यानंतरचा, पूर्ण डावीकडं सरकलेला. मला काही कळेना, तेव्हा मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं.

"लांब साखळ्या यंत्रातून पहिले निघतात, डावीकडं. छोट्या मागून. आता जोड झाल्यानंतरच्या रेघेत पाहा, पहिल्या डोंगराच्या जागी काही उरलं आहे का? एखादी टेकडी? एखादं टेकाड?"

"नाही."

"नाही ना! मने सगळ्या साखळ्या पुढं गेल्या. कोणी मागं राहिलं नाही. एक पण नाही!" आणि या पन्नाशी ओलांडलेल्या डॉक्टर बाईंनी सेठजींचे दोन्ही हात धरून त्यांना गोल फिरवलं. सेठजी आयुष्यात कधी परक्या बाईबरोबर फुगडी खेळले नसतील. पण खेळले. टोपी पडली, तरी खेळले. नव्या शाईची बाटली खिडकीत ठेवली होती, तळ स्वच्छ, वरपासून खालपर्यंत एकसारखी निळी. मी माझा मोबाइल काढून तिचा फोटो घेतला आणि सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवला. खाली काही लिहिलंसुद्धा नाही.

सेठजींनी मिठाई मागवली. मॅडम मात्र पर्स घेऊन निघाल्या. "मला आज लवकर घरी जाऊ द्या." बसची वाट बघायची त्यांची तयारी नव्हती, म्हणून मी माझ्या गाडीतून महूला सोडायला निघालो. वाटेत त्यांचे ओठ हलत होते. काहीतरी पाठ केल्यासारखं हिंदीत पुटपुटत होत्या.

घर छोटंसं, बैठं. ओसरीवर खुर्चीत एक वृद्ध गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, दाढी चकचकीत केलेली, पाठ सरळ. शेजारच्या एक ताई त्यांच्याजवळ बसल्या होत्या, त्या आम्हाला पाहून उठल्या आणि आपल्या घरी गेल्या. "माझे बाबा," मॅडम मला हळूच म्हणाल्या. "सुभेदार होते. आता ओळखत नाहीत." आणि पर्स माझ्या हातात देऊन त्या पुढं झाल्या, टाचा जुळवून ताठ उभ्या राहिल्या.

"जयहिंद, साहब!"

"कौन?"

"खोब्रागडे, साहब. लैब से."

म्हाताऱ्यानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "अच्छा नाम है. हमारे यहां भी हैं. रिपोर्ट दो."

मॅडमनी रिपोर्ट दिला. खरंच दिला. पहिली तुकडी कशी निघाली, कुठं थांबवली, दुसरी तिच्या मागं कशी जोडली, मध्ये वीज कशी गेली, सगळे जागच्या जागी कसे झोपून राहिले. सुभेदार कान देऊन ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "नुकसान?"

"बिलकुल नहीं, साहब. कोई पीछे नहीं छूटा."

"शाबाश!" त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. आवाज थेट मॅडमचा. मग ते एकदम मराठीत, वेगळ्याच हळव्या सुरात बोलू लागले. "माझी पोरगी पण असंच काहीतरी करते. केमिस्ट्रीत डॉक्टर आहे. मला समजत नाही, पण ती सांगते तेव्हा फार छान वाटतं. तुम्ही हे तिला सांगा. खूश होईल."

"सांगते, साहेब."

"नक्की?"

"आजच सांगते."

"आणि तिला म्हणावं, उशीर करू नको. मी जेवायचा थांबलोय."

मॅडम तशाच ताठ उभ्या होत्या. "निघाली आहे ती, साहेब. पोचतेच," असं म्हणून त्यांनी सलाम ठोकला आणि वळून माझ्यापर्यंत आल्या. मला पर्स परत द्यायचंही सुचत नव्हतं. त्यांनीच माझ्या हातातून पर्स घेतली. डोळे भरून आले होते, पण चेहरा असा उजळला होता, की मघाशी आलेखापुढं काय उजळला असेल!

"ऐकलं ना, भिया?" त्या कुजबुजल्या. "जेवायचे थांबलेत माझ्यासाठी!"

आणि पदर खोचून, जवळजवळ धावतच, आत ताटं घ्यायला गेल्या.